लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग: रंग आधी, वजन शेवटी

ब्लाउज शिवणं हा माझा धंदा. त्यामुळे पुण्याच्या लक्ष्मी रोडला माझं जाणं हौसेचं कमी आणि अस्तर, फॉल, हुकांसाठीच जास्त. गिऱ्हाइकं येतात आणि विचारतात, "ताई, लग्नाची खरेदी एका दिवसात होईल का हो तिथे?" होते. साडी, मॅचिंग, बांगड्या, देण्याघेण्याची भांडी, जेवण, वर आइस्क्रीम, सगळं एका दिवसात होतं. फक्त क्रम चुकवायचा नाही.

बहुतेक जण तो पहिल्या दहा मिनिटांतच चुकवतात. मंडईला उतरतात, समोर तुळशीबागेचा बाजार दिसतो, तिथेच शिरतात. क्लिपा, डबे, पळी-पंचपात्र, आणखी दोन डबे. दुपारी तीनला दोन्ही हातांत पिशव्या, पायाचे तुकडे, आणि तशा अवस्थेत मॅचिंग सेंटरच्या, म्हणजे ब्लाउजच्या कापडाच्या दुकानाच्या, गर्दीत साडीचा रंग जुळवत उभ्या! मग जो रंग मिळतो तो चालवून घेतात आणि तो ब्लाउज माझ्याकडे येतो. म्हणून माझा नियम एकच: रंगाचं काम सकाळी, वजनाचं काम संध्याकाळी. बाकीचा दिवस या दोहोंच्या मध्ये बसवायचा.

निघण्याआधी

वार मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार धरा. रविवारी संध्याकाळी तिथे चालावं लागत नाही, गर्दीच पुढे नेते. दिवाळीआधीचे पंधरा दिवस आणि गणपतीचे दहा दिवस खरेदीसाठी विसरा. गणपतीत जायचं तर गणपती बघायलाच जा, तुळशीबागेचा मानाचा चौथा गणपती तिथेच बसतो. संक्रांतीच्या सुमारास हळदीकुंकवाचं वाण घेणाऱ्या बायकांनी तुळशीबाग तुडुंब असते. मात्र तेव्हा डझनावारी घ्यायच्या वस्तूंची निवडही भरपूर असते. त्यामुळे वाणासाठी जानेवारीत जा, साडीसाठी नको.

सोबत काय घ्यायचं, तर मुख्य म्हणजे साडी. साडीचा फोटो नाही, साडी. मोबाइलवर डाळिंबी रंग कधी राणी दिसतो, कधी विटकरी. अख्खी साडी न्यायची नसेल तर ब्लाउजपीसच्या कडेचा बोटभर तुकडा कापून घ्या. असे चार-पाच तुकडे असतील तर कागदावर टाचणीने लावा आणि प्रत्येकाखाली लिहा: आईची, काकूंची, मधल्या वन्संची. मापाची एक बांगडी, टेप, पाण्याची बाटली, कापडी पिशव्या दोन. त्यातली एक खांद्याला अडकेल अशी लांब बंदाची हवी, कारण तुळशीबागेत दोन्ही हात मोकळे लागतात. मोबाइलवरून पैसे सगळीकडे चालतात, तरी दहा-वीसच्या नोटा असू द्या. चपला सपाट आणि जुन्या.

जायचं मेट्रोने. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईचं स्टेशन बाजाराच्या दारात आलं. कोथरूडकडून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, पुढे कसबा पेठ आणि मग मंडई. पिंपरी-चिंचवडची मंडळी थेट येतात. स्कूटर घेऊन जाणाऱ्यांनी निदान सम-विषम तारखेची पाटी वाचावी. रस्त्याच्या ज्या बाजूला काल गाडी लावली तिथे आज लावली तर ती उचलून नेतात, आणि मग उरलेली खरेदी दंड भरण्यात जाते. चारचाकी न्यायचीच असेल तर मंडईजवळचे वाहनतळ गाठा, लक्ष्मी रोडला जागा शोधत फिरू नका. २०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका लक्ष्मी रोडचा एक टप्पा वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चालून बघा, बरं वाटतं. खरेदी मात्र तेव्हाही होत नाही, कारण सगळे चालण्यातच गुंग.

बरोबर कोणी येणार असेल तर भेटायची जागा मंडईतला टिळकांचा पुतळा. "तुळशीबागेच्या तोंडाशी" असं ठरवू नका, तुळशीबागेला तोंडं बरीच आहेत.

सकाळ: मॅचिंग

साडेदहाच्या सुमारास पोहोचा. तुळशीबाग तेव्हा नुकती जागी होत असते, ताडपत्र्या सोडताहेत, स्टँडवर कुर्ते लटकवताहेत. तिच्यातून सरळ पार व्हा आणि लक्ष्मी रोडला निघा. थांबू नका. कोणी "बोला ताई, काय देऊ" म्हटलं तर मान हलवून पुढे. भवानीच्या वेळी उगाच भाव विचारून परत फिरलेलं त्यांना आवडत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

मॅचिंग सेंटरमध्ये शिरलात की तुकडा काउंटरवर ठेवा आणि गप्प बसा. "पिस्ता द्या, शेवाळी द्या" असं रंगाचं नाव घेऊ नका. तुमचा पिस्ता आणि काउंटरपलीकडच्या काकांचा पिस्ता वेगळा असतो. ते तुकडा उचलतात, एकदा उलटा करून बघतात, मागच्या कप्प्यातून तीन गठ्ठे काढतात आणि त्यातला एक न बोलता परत ठेवतात. तो का ठेवला हे विचारा. माझं निम्मं शिक्षण त्या "का"मधून झालंय. एकदा आमसुली साडीसाठी त्यांनी मला चक्क वांगी रंगाचं कापड पुढे केलं. मी म्हटलं, "काका, हे गडद आहे." म्हणाले, "दारात जा."

दारात जायचं ही सगळ्यात मोठी युक्ती. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात भांडू शकतात, कारण दोन कापडांतले रंग वेगवेगळे असतात आणि दिव्याचा उजेड बदलला की ते सारखे वागत नाहीत. म्हणून कापडाचा गठ्ठा घेऊन दुकानाच्या पायरीवर या, साडीवर ठेवा, आणि दोन्ही एकत्र चुणी करून बघा. सपाट ठेवून बघण्यापेक्षा चुणीत खरं कळतं. धूपछाव साडी असेल तर चुणीशिवाय बघूच नका. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, सपाट ठेवली की एकच रंग वर दिसतो. अंगावर दोन्ही दिसतात. अशा वेळी दोन रंगांपैकी गडद तो धरा. आणि हे सगळं सकाळी, कारण संध्याकाळी पायरीवर आलात तरी उजेड नसतो.

किती घ्यायचं? साध्या ब्लाउजला ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड एक मीटर पुरतं. कोपरापर्यंत बाही किंवा अंग भारी असेल तर सव्वा. खणाचं गणित वेगळं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा पारंपरिक खण पन्ह्याला लहान असतो, त्यामुळे "एक मीटर द्या" म्हणून चालत नाही. दुकानदारालाच माप सांगा, तो पुरेल तेवढं फाडून देईल. खणाच्या काठाचं तोंड कुठे येणार हे मात्र आधी शिंपिणीला विचारून या. घरी येऊन "काठ बाहीला पण हवा आणि पाठीला पण" म्हणाल तर मी जादू नाही करू शकत.

अस्तर सुतीच घ्या. पॉलिस्टरचं अस्तर स्वस्त पडतं, पण उन्हाळ्यातल्या लग्नात त्या ब्लाउजची आठवण तुम्हाला वर्षभर राहील. फॉलसुद्धा सुती. रिळाचा रंग कापडापेक्षा किंचित गडद निवडा, कारण रिळावर गुंडाळलेला दोरा गडद दिसतो आणि एकेरी धागा शिवला की फिका पडतो. लेस, लटकन, पायपिंग हे त्याच फेरीत उरकून टाका. लटकनाला गाठ कशी मारलीय तेवढं ओढून बघा. नवरीचं लटकन सप्तपदीत पडलेलं मी पाहिलंय, ते माझ्या हातचं नव्हतं एवढंच समाधान.

साडी घ्यायचीच असेल

साड्यांच्या दुकानात गादीवर बसल्याबरोबर बजेट सांगा. लाजू नका. न सांगता बसलात तर आधी दुप्पट किमतीच्या उलगडतात, आणि त्या बघितल्यावर तुमच्या बजेटमधली कुठलीही साडी डोळ्यांत भरत नाही. हा त्यांचा धंदा आहे, आपण सावध राहायचं.

पैठणी बघताना पदराची उलटी बाजू मागा. हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर, मुनिया, वेल मागूनही जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागी गुंफलेला असतो. यंत्रमागावरच्या पदराच्या मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. यंत्रमागाची घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. सुंदर असतात, भाचीला कॉलेजच्या कार्यक्रमाला तीच द्यावी. पण पैसे हातमागाचे आणि साडी यंत्रमागाची, असं नको. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्कचं लेबल बघा, बिलावर साडीचं वर्णन लिहून घ्या. विक्रेता कुरकुरला तर उठा. या रस्त्यावर साड्यांच्या दुकानांची वानवा नाही.

जेवण, तेही वेळेवर

सव्वाबाराला जेवायला बसा. एकला गेलात तर कोणाच्या तरी खुर्चीमागे उभं राहून त्याच्या ताटातला भात संपायची वाट बघावी लागते.

पोटभर मराठी जेवण हवं तर लक्ष्मी रोडवरच पूना गेस्ट हाऊस आहे. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली ते सुरू केलं. एवढ्या जुन्या जागेत जिना चढायचा कंटाळा करू नये. हलकं हवं तर कुमठेकर रस्त्यावर स्वीट होममध्ये साबुदाण्याची खिचडी. आणि तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनची मिसळ. जागा छोटी, गिऱ्हाईक मोठं. मिसळीला माझी हरकत नाही, पण साडीची पिशवी मांडीवर घेऊन तर्रीत पाव बुडवू नका. पिशवी पाठीमागे, खुर्चीला अडकवून.

बायकांसाठी आणखी एक: स्वच्छतागृह जेवायला बसता तिथेच वापरून घ्या. मधल्या तीन-चार तासांत सोय शोधणं त्रासाचं असतं. अगदीच वेळ आली तर मेट्रो स्टेशन गाठा.

बरोबरच्या पुरुषमंडळींचा चेहरा या सुमारास पडलेला असतो. त्यांना अप्पा बळवंत चौकात पाठवा, पुस्तकांच्या दुकानांत दोन तास सहज जातात. पुस्तकांची आवड नसेल तर बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यापाशी उभे करा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, १८०७ चा वाडा. दर्शनी बाजूचं लाकडी कोरीव काम बघत उभं राहायला तिकीट लागत नाही.

दुपार: तुळशीबाग

आता शिरा. आणि शिरताना पहिलं दुकान भांड्यांचं, कारण भांड्यांवर नाव घालायला वेळ लागतो. आहेराची ताटं, तांब्या, डबे निवडा, पैसे द्या, नाव कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून द्या आणि सांगा, "संध्याकाळी जाताना नेते." यात दोन कामं होतात. नाव घालून होतं आणि ओझं त्यांच्याकडे राहतं.

तो नाव घालणारा माणूस जरा थांबून बघाच. स्टुलावर बसतो, तांब्या गुडघ्यांत धरतो, हातातलं यंत्र टर्र करत पितळेवरून फिरवतो. आधी आखणी नाही, रेघ नाही. "चि. सौ. कां." पासून तारखेपर्यंत अक्षरं गोल पोटावर एका ओळीत बसतात. पण तो तुमच्या कागदावरचंच उतरवतो. कागदावर ऱ्हस्व लिहिलं असेल तर तांब्यावरही ऱ्हस्वच, आणि ते खोडता येत नाही. म्हणून "सुनीता" की "सुनिता" हा वाद घरी मिटवून या.

मग बांगड्या. दोन-चार, दोन-सहा या मापांना लोक नुसतीच नावं समजतात. दोन-चार म्हणजे आतला व्यास २ इंच आणि वर एका इंचाचे ४/१६, म्हणजे सव्वादोन इंच. दोन-सहा त्याहून एक अष्टमांश इंच मोठी. एवढ्याशा फरकाने बांगडी हातात जाते किंवा फुटते. दुसऱ्या कोणासाठी घेणार असाल तर तिची बांगडी बरोबर हवीच, अंदाजाने घेऊ नका.

नथ, तन्मणी, चिंचपेटी, ठुशी यांच्या दुकानांत पुढून सगळंच चमकतं. मागून बघा. डाक लावून सांधलेल्या जागा काळ्या-खडबडीत आहेत का, फास घट्ट बसतो का. दाबाची नथ तिथेच लावून पाच मिनिटं उभ्या राहा. दोन मिनिटांत नाक दुखलं तर मंगलाष्टकं होईपर्यंत काय होईल विचार करा.

भावाचं म्हणाल तर "एकच भाव" अशी पाटी असेल तिथे घासाघीस करून स्वतःचा अपमान करून घेऊ नका. पथारीवर आणि छोट्या टपऱ्यांवर करा, पण एका वस्तूवर नाही. "कितीला?" विचारल्यावर लगेच निम्मी किंमत सांगणं ही नवख्याची खूण. वस्तू हातात धरा, दुसरी उचला आणि विचारा, "दोन घेतल्या तर?" त्यालाही सोपं जातं, तुम्हालाही. घ्यायचं नसेल तर भाव पाडून पळ काढू नका.

भातुकलीच्या दुकानासमोर तुम्ही थांबणारच, मी कितीही सांगितलं तरी. घ्याच एखादा सेट. पितळेचा बंब, चूल, जातं, पाटा-वरवंटा. जातं खरोखर फिरतं का ते बघा. अगदी लहान मूल असेल तर लाकडी घ्या, पत्र्याच्या कडा बोटाला लागतात.

पाय बोलायला लागले की राममंदिराच्या आवारात जा. ज्या देवळाभोवती हा बाजार वाढला, त्याकडे खरेदीला आलेल्यांचं लक्ष जातच नाही. पेशव्यांकडचे नारो आप्पाजी खिरे, म्हणजेच तुळशीबागवाले, यांनी १७६१ च्या सुमारास बांधकाम सुरू केलं. चार पावलं आत गेलात की बाहेरचा "बोला ताई" बंद होतो. तिथे बसून यादी काढा आणि काय राहिलं ते बघा. उठल्यावर तुळशीबागेतलंच कावरे आइस्क्रीम. मस्तानीच हवी असेल तर सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीपाशी सुजाताकडे जावं लागेल. चालवत असेल तरच, कारण परत मंडईलाच यायचंय.

रविवार पेठेतली बोहरी आळी याच दिवसात कोंबू नका. तिथे घाऊक माल मिळतो, डझनाशिवाय मजा नाही. त्यासाठी वेगळा दिवस.

संध्याकाळ: मंडई, मग मेट्रो

नाव घातलेली भांडी ताब्यात घ्या, प्रत्येक नाव तिथेच वाचा, मग मंडईत शिरा. मधल्या मनोऱ्याभोवती आठ दिशांना पाकळ्या अशी ही इमारत १८८६ साली उघडली, तेव्हा नाव होतं रे मार्केट. नगरपालिकेत असताना जोतिराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. आज मंडईला नाव त्यांचंच आहे. भाजी घेताना आधी एक चक्कर नुसती मारा. आतल्या ओट्यांवरचा माल निवडक असतो, बाहेर जरा स्वस्त. मी नारळ, लिंबं आणि ओटीचं सामान आतून घेते, पालेभाजी बाहेरून. नारळ पिशवीत सगळ्यात खाली, साडी आणि ब्लाउजपीस सगळ्यात वर, आणि लिंबाची पुडी साडीपासून लांब.

साडेसहाच्या आत मेट्रोच्या जिन्याला लागा. एसटीने गावाकडे जायचं असेल तर स्वारगेट पुढचंच स्टेशन. गाडीत बसल्या बसल्या बिलं एका पाकिटात घाला. फाडलेलं कापड कोणी परत घेत नाही, पण रीळ, लेस, न उलगडलेला फॉल ओळखीच्या दुकानात बिल दाखवून बदलून मिळतं, लवकर गेलात तर.

घरी गेल्यावर कितीही दमलेल्या असाल तरी सुती अस्तर आणि फॉल बादलीत भिजत टाका. पहिल्या पाण्यात जेवढं आटायचं तेवढं आटू दे, नाहीतर शिवल्यावर आटतं आणि ब्लाउजला चुण्या पडतात. सकाळी वाळवून, इस्त्री करून मगच शिंपिणीकडे न्या. ओलं अस्तर मी बेतत नाही, आणि "उद्याच हवाय" म्हणणाऱ्यांचं तर मुळीच नाही.